हळदीच्या पोटलीतला साबण

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी चारच्या सुमारास धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, पोटल्या लाल पडायला लागल्यात." मागे लाउडस्पीकरवर कुणीतरी लकी ड्रॉचे नंबर पुकारत होतं, त्यामुळे मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पोटल्या तर हळदीत रंगवलेल्या, पिवळ्याधमक. लाल कशा पडतील?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत पॅकेजिंग विभागात माझी २२ वर्षं गेली. गोळ्यांच्या स्ट्रिपा, बाटल्यांची झाकणं, पावसाळ्यात कुठली फिल्म दम धरते आणि कुठली नाही, हेच काम. पण घरातली जाऊ साबण करून विकते, तो कशात गुंडाळते, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. हौसेचा मामला, असं मनात धरून बसले होते. त्यामुळे पुढे जे सांगते त्यात तिच्या चुका आहेत तशा माझ्याही.

आधी तिच्या धंद्याची मांडणी सांगते. वागळे इस्टेटमध्ये सौंदर्यप्रसाधनांचा परवाना असलेलं एक छोटं युनिट आहे. तिथे ती लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या युनिटमध्ये आपला माल करायच्या परवान्यावर, आठवड्यातून दोन दिवस काम करते. साबण करणं, रॅकवर सुकवणं आणि पॅकिंग, सगळं तिथेच. घरच्या ओट्यावर केलेला साबण असा विकता येत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यातल्या सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत पूर्वी साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ते वगळणं काढून टाकलं.

ती दोन प्रकारचे साबण करते. एक कोल्ड प्रोसेस: खोबरेल, राइस ब्रॅन आणि एरंडेल, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी, साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि चार ते सहा आठवडे रॅकवर क्युअर होऊ, म्हणजे सुकून मुरू द्यायचं. दुसरा मेल्ट अँड पोअर: तयार सोप बेस वितळवायचा, रंग-वास घालायचा, गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या आणि साच्यात ओतायचा. हा पारदर्शक, दिसायला गोड, लहान मुलांना फार आवडतो. पहिल्याची १०० ग्रॅमची वडी १८० रुपयांना, दुसऱ्याची ८० ग्रॅमची १२० रुपयांना.

वाशीतल्या एका हॉलमध्ये गणपतीच्या आधी तीन दिवसांचं हस्तकलेचं प्रदर्शन होतं. त्यासाठी तिने पोटल्यांची टूम काढली. मलमलीच्या, हळदीत रंगवलेल्या, वर लाल दोरी, दोरीला पुठ्ठ्याचा टॅग. नगाला १४ रुपये, ३०० नग. सणाचे दिवस, हळदीचा रंग, हाताला मऊ कापड. कल्पना म्हणून खरंच छान होती, मीही "वा" म्हटलं होतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने दोन मोठ्या पिशव्यांत भरून तिने १८० साबण नेले: ११० कोल्ड प्रोसेस, ७० मेल्ट अँड पोअर. सगळे एकसारख्या पोटल्यांत.

शुक्रवारी पोटल्या ठीक होत्या. शनिवारी सकाळी हॉल उघडला तेव्हा पारदर्शक साबणांच्या पोटल्या हाताला ओलसर लागत होत्या. दुपारपर्यंत त्यांवर लालसर-तपकिरी ठिपके उमटले. एका बाईंनी पोटली उचलली, डागाकडे बघितलं आणि विचारलं, "कुंकू सांडलंय का गं?" दुसरीने काही विचारलंच नाही, पोटली ठेवली आणि बोटं ओढणीला पुसली. जाऊ म्हणते, त्या पुसण्यानेच तिचा दिवस संपला. रविवारी रात्री हिशेब केला तर १८० पैकी ४१ गेले होते.

सोमवारी उरलेला सगळा माल माझ्या डायनिंग टेबलावर आला. ती म्हणाली, "ताई, साबणच बिघडलाय. रंग सोडतोय." मी म्हटलं, आधी मोजू. कंपनीत आम्हाला हीच सवय लावलेली: डाग दिसला की कारण सांगायची घाई करायची नाही, किती नगांवर आहे, कुठल्या नगांवर आहे, ते आधी बघायचं. मेल्ट अँड पोअरचे ५६ उरले होते, त्यांतल्या ४९ पोटल्या डागाळलेल्या. कोल्ड प्रोसेसचे ८३ उरले होते, त्यांत फक्त ११. आणि हे ११ कुठे होते, असं विचारल्यावर तिला आठवलं, ते खालच्या टोपलीत होते, पारदर्शक साबणांच्या अगदी खाली.

म्हणजे ओल वरून खाली गेली होती आणि ओल देणारा होता पारदर्शक साबण. मेल्ट अँड पोअरच्या बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. उघडा ठेवला की पृष्ठभागावर दवासारखे थेंब येतात. साबणवाल्या बाया त्याला "घाम सुटला" म्हणतात. वाशीतली ऑगस्टची हवा, एक बाजू खाडी. त्यात हॉलचा एसी दिवसभर चालू आणि रात्री नऊला बंद. दिवसभर गार झालेल्या साबणावर बाहेरची दमट हवा आली की काय होतं, ते फ्रिजमधून काढलेल्या बाटलीकडे बघितलं तरी कळतं.

लाल रंगाचं उत्तर तर देवघरातच होतं. मी डब्यातला थोडा खायचा चुना पाण्यात कालवला आणि कोऱ्या पोटलीवर एक थेंब टाकला. क्षणात लाल. त्यावर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं. जाऊ हसायला लागली, म्हणाली, "अहो, हे तर कुंकू!" हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हळदीपासून कुंकू करतात ते याच जोरावर. आणि साबण हा क्षारधर्मीच असतो. चांगला क्युअर झालेला हाताने केलेला साबण ओला करून पीएचची पट्टी लावली तर ९ ते १० च्या घरात येतो, त्यात बिघाड काही नसतो. कोरडा साबण कोरड्या कापडाला काहीही करणार नाही. मध्ये पाणी आलं की पोटलीचं कुंकू होणारच. साबण बिघडला नव्हता, रंग सोडत नव्हता. दोष होता तो जोडी जमवण्यात.

इथपर्यंत गोष्ट सोपी. पण टेबलावर बसून एकेक पोटली सोडायला लागलो तसं आणखी बरंच बाहेर आलं, आणि माझ्या मते विक्री पडायचं खरं कारण त्यातच होतं. डाग शनिवारी पडले. शुक्रवारीही फार काही खपलं नव्हतंच.

प्रदर्शनात साबण घेणारं माणूस आधी काय करतं? नाकाला लावतं. किंमत नंतर, नाव नंतर. पोटलीत साबण दिसत नाही, म्हणून प्रत्येकीने दोरी सोडली, साबण बाहेर काढला, हुंगला, बोटाने घासून पाहिला आणि परत टाकला. कुठल्याही पोटलीत. त्यामुळे "कडुलिंब-तुळस" असा टॅग असलेल्या पोटलीतून आमच्या टेबलावर गुलाबाचा साबण निघाला. नऊ पोटल्यांचा टॅगच गायब. सहा वड्यांवर नखांचे चरे. आणि शेजारच्या स्टॉलवर मालवणी मसाला होता. सुती कापड वास धरून ठेवतं, हे मला कळायला हवं होतं. लव्हेंडरला तिरफळाचा दर्प येत होता. ती वडी मी मुद्दाम घरात वापरली. दोन आंघोळींनंतर वास गेला, पण दोन दिवस मला उगाच भूक लागत होती.

गायब टॅगची बाब वरवर किरकोळ वाटते, पण पॅकबंद वस्तूंचे वैधमापनशास्त्र नियम २०११ चे आहेत आणि ते स्टॉललाही लागू पडतात. उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तू काय आहे, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम दर, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हे सगळं पाकिटावर हवं. त्याशिवाय सौंदर्यप्रसाधन म्हणून घटकांची यादी, बॅच नंबर, परवाना क्रमांक. जावेने हे सगळं इमानेइतबारे लिहिलं होतं, पण दोरीला लटकणाऱ्या टॅगवर. दोरी सुटली की साबण निनावी. आणखी एक: तिने सगळं हौसेने मराठीत लिहिलं होतं. नियमाप्रमाणे या नोंदी हिंदीत देवनागरीतून किंवा इंग्रजीत हव्यात. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी नाही. मला हे पटत नाही, पण लेबल माझ्या पटण्यावर चालत नाही.

एका टॅगवर "एक्झिमावर गुणकारी" असंही होतं. ते मी तिथल्या तिथे खोडलं. रोग बरा करतो म्हटलं की वस्तू सौंदर्यप्रसाधन उरत नाही, औषध होते, आणि मग परवानाही औषधाचा लागतो. ती थोडी रुसली. "लोक तेच विचारतात ना, ताई." विचारतात, खरं आहे. विचारलं तर म्हणायचं, तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

सप्टेंबरभर आम्ही प्रयोग केले. प्रयोग म्हणजे काय, माझ्या मागच्या गॅलरीत एक फळी, त्यावर वेगवेगळ्या वेष्टनांतले दोन्ही साबण, आणि दर दोन दिवसांनी सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन. उघडा ठेवलेला मेल्ट अँड पोअर १२ दिवसांत ८०.३ वरून ८२.४ ग्रॅमवर गेला. पाणी पिऊन जाड झाला. उघडा कोल्ड प्रोसेस त्याच फळीवर १०४.२ वरून १०२.९ वर उतरला. एकाच हवेत एक चढतो, दुसरा उतरतो. हे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले तेव्हा जाऊ बराच वेळ बघत बसली. दोघांना एकच कपडा शिवायचा नाही, हे मला तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

पारदर्शकाला कोंडून ठेवायचं. साच्यातून काढला की त्याच दिवशी, हवा लागू न देता. ती क्लिंग फिल्म वापरायला निघाली होती, कारण स्वयंपाकघरात असते. पण पीव्हीसीची क्लिंग फिल्म ओल अडवण्यात कच्ची. दुकानात "सेलोफेन" म्हणून ज्या चकचकीत पिशव्या मिळतात त्या बहुधा बीओपीपीच्या, म्हणजे ताणून केलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मच्या असतात, आणि पाण्याची वाफ अडवायला पॉलिप्रॉपिलीन चांगलं. तशी पिशवी घेऊन तिन्ही बाजूंनी हॅण्ड सीलरने बंद केली. गॅलरीत १२ दिवसांत वजन हललं नाही म्हणायला हरकत नाही. प्लॅस्टिक नको म्हणणारे ग्राहक भेटतात आणि त्यांचं बरोबरही आहे, पण या साबणाला पर्याय मला सापडलेला नाही. ज्यांना प्लॅस्टिक नको त्यांना आम्ही सरळ दुसरा साबण दाखवतो.

कोल्ड प्रोसेसला उलट श्वास घेऊ द्यायचा. त्यातलं पाणी महिनोन् महिने हळूहळू उडत असतं. घट्ट कोंडला की आतल्या आत ओल धरतो. जावेकडे जूनमधले चार साबण क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेले पडले होते. सोडले तर कडांवर नारिंगी ठिपके आणि जुन्या तुपासारखा खवट वास. तेल खवट होतंय याची ती खूण.

त्यावर उपाय जुनाच आहे, कागदाचा पट्टा. पण पट्टा लावणं दिसतं तेवढं सोपं नाही. वडी आठ सेंटिमीटर लांब. पट्टा साडेसहा रुंद, म्हणजे दोन्ही टोकांना पाऊण सेंटिमीटर साबण उघडा. नाक तिथे लागतं. आत बटर पेपरची पट्टी, नाहीतर आठवडाभरात क्राफ्ट पेपरवर तेलाचे डाग येतात, भज्यांच्या कागदासारखे. चिकटवायचं ते कागदाला कागद, साबणाला कधीच नाही. पातळ गोंद लावला तर कागद सुरकुततो, म्हणून गोंदाची कांडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सहा आठवड्यांच्या आत पट्टा लावायचा नाही. ती चार आठवड्यांवर लावायची. पाणी उडतं तशी वडी आकसते आणि पंधरा दिवसांत पट्टा बांगडीसारखा सैल होऊन हातात येतो.

वजनाचाही प्रश्न त्याच आकसण्यातून आला. लेबलवर १०० ग्रॅम आणि तीन महिन्यांनी काट्यावर ९७, तर ग्राहकाने काय समजायचं? साबण हा नियमांनी मान्य केलेल्या त्या मोजक्या वस्तूंपैकी आहे, ज्यांच्या वजनापुढे "पॅक करतेवेळी" असं लिहिता येतं. तसं लिहिलं, शिवाय वडी पाडतानाच जरा मोठी पाडायला लागलो.

छपाईत एक धडा मिळाला. पहिले पट्टे तिने घरच्या इंकजेटवर काढले. ओल्या बोटाने धरले की "तुळस" पसरायची. गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे लेझर प्रिंट काढले, ते टिकले. सगळ्या कायदेशीर नोंदी आता पट्ट्याच्या मागच्या बाजूला, साबणाला धरून. खर्च बघा: पोटली आणि टॅग मिळून १७ रुपये जायचे, पट्टा, बटर पेपर, छपाई मिळून २ रुपये ६० पैसे. बीओपीपी पिशवी आणि न फाटणारं स्टिकर ३ रुपयांच्या आसपास.

दिवाळीच्या १२ दिवस आधी नौपाड्यातल्या एका मंगल कार्यालयात दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. या वेळी मी स्वतः स्टॉलवर बसले. प्रत्येक वासाची एक वडी कापून तिचे तुकडे झाकणाच्या छोट्या बरण्यांत ठेवले, बरणीवर नंबर, तोच नंबर मालाच्या टोपलीवर. हुंगायचं ते बरणीतलं. विकायच्या वडीला हात फक्त घेणारीचा. जावेला वाटत होतं, बायका ऐकणार नाहीत. ऐकलं. बरणी समोर धरली की हात आपोआप बरणीकडे जातो. कोल्ड प्रोसेसचे १०० नेले होते, ८८ गेले. पारदर्शकचे ६० नेले, ३९ गेले. हे कमी का, ते मला स्टॉलवर बसूनच कळलं: पिशवी बंद, त्यातून वास येत नाही, आणि त्यांच्या बरण्या ठेवायचं आम्ही साफ विसरलो होतो. त्यांचा चेहराच इतका बोलका, की वासाचं सुचलंच नाही.

प्रश्न काय काय आले? "यात चरबी आहे का?" हा सर्वांत जास्त वेळा. उत्तर पट्ट्यावर तेलांच्या नावांत होतंच, पण ते मागे आणि बारीक. आता पुढे "फक्त वनस्पती तेलं" अशी ओळ आहे. "टीएफएम किती?", म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश किती, हे विचारणारे एक काका होते, ग्रेड १ च्या साबणात तो किमान ७६ टक्के असतो हे त्यांना पाठ होतं. हाताने केलेल्या साबणात तयार झालेलं ग्लिसरीन आतच राहतं, थोडं जास्तीचं तेलही राहतं, त्यामुळे त्या आकड्याने याची तुलना नीट होत नाही, हे मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि काही घेतलं नाही. आणि दिवाळी म्हणजे "उटण्याचा साबण आहे का?" हे ओघानेच आलं.

त्या प्रश्नाने एक जुना प्रश्न सुटला. १२० पोटल्या कोऱ्या पडून होत्या, १,६८० रुपयांच्या. उटणं कोरडं, त्यात क्षार नाही, हळद त्यात असतेच. त्याच वागळे इस्टेटच्या युनिटच्या यादीत उटणंही होतं, त्यामुळे परवान्याची अडचण नव्हती. जावेने रातोरात ६० पोटल्या भरून आणल्या, प्रत्येकीच्या शिवणीतच लेबल टाचून. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत संपल्या.

सगळं जमलं असं नाही. दमट दिवशी पट्ट्याचा कागदच सैलावतो आणि कडेला बसवलेल्या वड्यांचे पट्टे घसरतात. जाड कागद घेतला तर कोपऱ्यावर तडकतो. तीन साबणांच्या भेटपेटीची मागणी चांगली आहे, पण त्या पेटीवरही आतल्या मालाची सगळी नोंद वेगळी करावी लागते, आणि पेटीचा खर्च २२ रुपयांच्या खाली यायला तयार नाही.

आणि परवा घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून फोन आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोटे साबण हवेत, ५१ नग. पारदर्शक, गुलाबाचे. "आणि ऑगस्टमध्ये वाशीला तुमच्याकडे होत्या ना त्या पिवळ्या पोटल्या, त्यांतच द्या." जावेने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो म्हण. पण दोन दिवसांचा वेळ माग."

आता साबण आधी बीओपीपीत सील करून मग पोटलीत घातला आहे, आणि ती पोटली माझ्या न्हाणीघरात गीझरच्या खालच्या खुंटीला टांगली आहे, घरातली सगळ्यात दमट जागा तीच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोटली पिवळीच होती. संध्याकाळी बघितलं तर तिच्यावर दोन मोठे लाल पंजे. सासूबाईंनी साबणाचे हात तिलाच पुसले होते.